आबांची चाल, माझी मांडणी

मी काय काम करते, हे मला कधीच एका वाक्यात सांगता आलं नाही. दौंडला बँकेत खातं उघडायला गेले तेव्हा काउंटरवरच्या साहेबांनी विचारलं, "व्यवसाय?"

"संगीत."

"वा, म्हणजे गाता तुम्ही."

"नाही."

"मग वाजवता?"

"थोडंफार. पण तो व्यवसाय नाही."

"चाली लावता?"

"नाही. दुसऱ्यांनी लावलेल्या चाली वाद्यांना वाटून देते."

साहेबांनी रकान्यात 'गृहिणी' असं लिहिलं. माझं तेव्हा लग्नसुद्धा झालेलं नव्हतं.

काम खरं तर सोपं आहे सांगायला, ऐकणाऱ्याला वेळ असेल तर. संगीतकार चाल बांधतो. ती त्याच्या गळ्यात असते, पेटीवर असते. पण समोर वीस-पंचवीस वादक बसले की प्रत्येकाला त्याचं त्याचं लिहून द्यावं लागतं. चाल व्हायोलिनने उचलायची की बासरीने, खालून आधार कुणी द्यायचा, कुणी किती वेळ गप्प बसायचं, हे सगळं कुणीतरी ठरवावं लागतं. त्यात खाचाखोचा फार. क्लॅरिनेटवाल्याच्या कागदावर 'सा' लिहिला तर त्याच्या वाद्यातून येतो कोमल 'नी', म्हणून त्याला सगळं एक सूर वर चढवून लिहायचं. बासरीवाल्याला श्वासाला जागा ठेवायची. ट्रंपेटवाल्याचे ओठ दमतात, त्याला एकसारखं वर पिटाळायचं नाही. परदेशातले मोठे संगीतकारसुद्धा घाई असली की हे काम हाताखालच्या माणसांवर सोपवत आले आहेत. चाल त्यांची, कागद साहाय्यकाचा. आपल्याकडे त्या साहाय्यकाला अरेंजर म्हणतात, आणि बहुतेक वेळा काहीच म्हणत नाहीत.

माझे वडील दौंडच्या लोको शेडमध्ये कामाला होते आणि आमच्या वस्तीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. जयंतीच्या मिरवणुकीत बँडच्या मागे मागे चालत मी मोठी झाले. रेल्वेतल्या एका म्हाताऱ्या बँडमास्तरांकडून पाश्चात्त्य स्वरलिपी शिकले. पुढे आयुष्यभर दौंड-पुणे गाडीने जाऊन-येऊन नाटकांचं, जाहिरातींचं, शाळांच्या समूहगीतांचं काम केलं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची भेटली. खुटबावचे एक बागायतदार होते. मुलीच्या लग्नासाठी त्यांनी स्वतः स्वागतगीताची चाल बांधली होती, आणि चाल वाईट नव्हती. मी मांडणी करून दिली. सरावाला येऊन बसले आणि मध्येच उठले.

"बाई, ती व्हायलिनवाली पोरं गप का बसल्यात?"

"त्यांचं पुढच्या कडव्याला आहे, मामा."

"सगळ्यांना मानानं बोलावलंय. जेवायला बसल्यावर एका पंगतीत निम्म्यांना वाढायचं आन् निम्म्यांना न्हाई, आसं कसं चालंल?"

या कामात गप्प बसवणं हीच खरी कला असते, हे त्यांना कसं सांगणार. मी सगळ्यांना सगळीकडे वाढलं, फक्त निम्म्यांना अगदी हळू वाजवायला सांगितलं. मामा खूश झाले. लग्नाच्या दिवशी जनरेटरच्या आवाजात तसंही कुणाला काही ऐकू आलं नाही.

पण मला लिहायचंय ते बिरूआबांबद्दल.

बिरूआबा निमोण्याचे. शिरूरला एका शाळेत संगीतशिक्षक होते. निवृत्त झाल्यावर एक दिवस खांद्याला पिशवी अडकवून दौंडला माझ्या दारात उभे राहिले. ताठ, काळेसावळे, डोक्यावर स्वच्छ पांढरी टोपी.

"शोभाबाई तुम्हीच का? माझ्याकडं एक चाल हाय. जरा लांब हाय."

"किती कडव्यांचं गाणं आहे?"

"गाणं न्हाईच ते. शब्द न्हाईत त्यात. पाऊण तास चालतंय."

मला वाटलं, यांना कुणीतरी चुकीचा पत्ता दिला. पण त्यांनी पिशवीतून सरगमने भरलेले कागद काढले आणि माझ्या पेटीवर पहिला भाग वाजवून दाखवला. त्यांचे आजोबा-वडील मेंढरं राखायचे. चारा संपला की कळप घेऊन बाहेर पडायचे, महिनोन् महिने चालायचे आणि मग माघारी यायचे. आबांनी लहानपणी ती वाट तुडवली होती. त्या वाटेवरची त्यांची रचना होती, चार भागांची: निघणं, वाट, मुक्काम आणि परतणं. नाव ठेवलं होतं 'मेंढवाट'.

"पण आबा, यासाठी ऑर्केस्ट्रा कशाला? बासरी आणि ढोल पुरेत की."

"ल्हान असताना म्या हितंच दौंडात पोलिसांचा बँड ऐकला, भिंतीवर बसून. गाणं एकच, पर खालचा भोंगा येगळं बोलतोय, वरची बासरी येगळं बोलतीय. तवाच मला वाटलं, हे तर आपल्या कळपावानी हाय. मेंढरं एका वाटंनं जात्यात, पर कुणी कुणाच्या पावलात पाऊल टाकत न्हाई. तसं पायजे मला."

मी ज्यांच्यासाठी काम केलं त्यांच्यापैकी कुणीही वाद्यरचनेबद्दल इतकं नेमकं बोललं नव्हतं. मी हो म्हटलं.

पुढचे बरेच महिने मी सवड मिळेल तशी निमोण्याला जात राहिले. न्हावऱ्यापर्यंत एसटी, पुढे मिळेल ते वाहन. आबा पेटीवर बसायचे, मी समोर कागद घेऊन. त्यांच्या पत्नी, हौसाकाकू, ओट्यावर बसून शेंगा फोडत ऐकायच्या. आमचे खटके उडायचे. दुसऱ्या भागात मूळ चालीच्या खालून मी क्लॅरिनेटला स्वतःची एक ओळ दिली होती. मला ती फार आवडली होती. आबांनी ती दोनदा ऐकली.

"लई ग्वाड हाय. पर ही चाल तुमची हाय, शोभाबाई. माझी न्हाई. काढा."

मी काढली. राग आला होता, पण त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्याच्या कळपात आपली मेंढरं घुसवायची नसतात, एवढं मला कळत होतं. ती ओळ घेऊन पुढे स्वतःचं काहीतरी करायचं राहून गेलं, याची मात्र चुटपुट आहे.

तीन भाग पुरे झाले. मी ते पुण्यातल्या एका वाद्यवृंदाच्या संचालकांना दाखवले. त्यांना आवडले. पुढच्या हिवाळ्यातल्या कार्यक्रमात घेतो म्हणाले. चौथा भाग आबांच्या डोक्यात तयार होता, कागदावर यायचा होता. आणि मग काकूंचा फोन आला.

"शोभा, यांची उजवी बाजू गेली गं. बोलणं बी गेलं."

मी शिरूरच्या दवाखान्यात पोचले तेव्हा आबा छताकडे बघत पडले होते. मला पाहून त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. गळ्यातून सूरही येईना. समजत सगळं होतं. डोळ्यांवरून कळत होतं.

पुण्याला कळवलं. संचालक मनाने चांगले होते. म्हणाले, "तीन भागच करू. अपूर्ण म्हणून करू. नाहीतर असं करा ना, चौथा तुम्हीच लिहा. त्यांची शैली तुमच्याइतकी कुणाला माहीत आहे?"

आबा घरी आल्यावर मी दोन्ही गोष्टी त्यांच्यापुढे ठेवल्या. "तीनच भाग वाजवायचे?" त्यांनी डाव्या हाताने पलंगावर जोरात थाप मारली. "मी लिहू चौथा?" आणखी जोरात थाप.

काकू म्हणाल्या, "न्हाई म्हणत्यात."

"मला कळलं, काकू. मग आम्ही दोघं लिहू. आबा, चालेल?"

हात उचलला गेला नाही. तोच होकार होता. मी पुण्याला सांगितलं, चारही भाग होतील, नाहीतर एकही नाही. त्यांनी दुसरी रचना घेतली. त्यांचा कार्यक्रम ठरलेला होता, थांबणं त्यांना शक्य नव्हतं. मला वाईट वाटलं, पण मी मागे फिरायचं नाही असं ठरवून टाकलं होतं.

मग आमची एक पद्धत बसली. पेटी पलंगाला लावायची. भाता मी मारायचा आणि आबांनी डाव्या हाताने सूर दाबायचे. बोटं थरथरायची, मध्येच घसरायची. एक ओळ नक्की व्हायला कधी अख्खी सकाळ जायची. मी लिहायची, वाजवून दाखवायची. चुकलं की थाप. मग वाद्यं विचारायची. "बासरी?" थाप. "व्हायोलिन?" थाप. "दोन्ही?" हात शांत.

सगळं पुढे सरकत होतं, पण चौथ्या भागाची मुख्य चाल एका जागी येऊन अडायची. परत निघण्याआधी पांगलेला कळप गोळा करायला हाळी घालतात, त्या हाळीवरून ती चाल बांधलेली होती. तिथे आले की आबा गंधाराशी थांबायचे आणि शेजारशेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबायचे, कोमल आणि शुद्ध दोन्ही. कानाला घाण वाटायचं. मला वाटलं बोट घसरतंय.

"आबा, कोमल घ्यायचा?" थाप. "शुद्ध?" थाप. "आधी कोमल मग शुद्ध?" थाप. आणि पुन्हा दोन्ही पट्ट्या एकदम.

असं कितीतरी फेऱ्यांत झालं. एकदा मी चिडून भाता सोडून दिला आणि बाहेर जाऊन उभी राहिले. काकूंनी पाणी आणून दिलं.

"दमलीस?"

"त्यांना काय पाहिजे तेच कळेना, काकू."

"तेबी तुझ्यावर चिडल्यात. आत जा. दोघं चिडल्याला आसला की काम व्हतंय, आजवर बघितलंय म्या."

मी आत गेले. आबांनी मला खुणेने जवळ बोलावलं, माझा हात बाजूला सारला आणि स्वतःचा डावा तळवा पलंगाच्या कडेवरून सावकाश सरकवत नेला. वरून खाली. मध्ये कुठेच न थांबता. मग माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांना हवा होता तो सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये होता, आणि तिथे घसरत जायचं होतं. पेटीवर ती जागाच नाही. म्हणून बिचारे दोन्ही पट्ट्या दाबून सांगत होते, यांच्या मधे, यांच्या मधे.

व्हायोलिनवर ते निघालं असतं. पण हाळीच्या जागी व्हायोलिनला त्यांनी आधीच नाही म्हटलं होतं, आणि खरंच, हाळी व्हायोलिनच्या आवाजात घालत नाहीत. ती छातीतून येते. मी दौंडला परत आले ती थेट गायकवाड मामांकडे गेले. मामा आमच्याच वस्तीतले, पोलीस बँडमधून निवृत्त झालेले. ते ट्रॉम्बोन वाजवतात. पुढे-मागे सरकणाऱ्या नळीचं ते लांब पितळी वाद्य असतं. नळी सरकते, म्हणून दोन सुरांच्या मधली कुठलीही जागा त्यात सापडते.

मामा म्हणाले, "ट्रॉम्बोन आन् मेंढरं? म्या जलमभर परेडची गाणी वाजिवली, शोभा."

"एकदा चला तर खरं."

निमोण्याच्या त्या खोलीत मामांनी वाद्य जोडलं, ओठ लावले आणि माझ्या कागदावर पाहून हाळी वाजवली. नळी हळूहळू पुढे सरकवत तो सूर वरून खाली आणला. घराच्या पत्र्याला कंप सुटला. काकू स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी बाहेर आल्या आणि उंबऱ्यातूनच विचारलं, "कोण हाळी घालतंय?"

आबांचा हात शांत होता. मग त्यांनी तो उचलला, मामांकडे केला आणि गोल फिरवला. पुन्हा वाजवा. मामांनी पुन्हा वाजवलं, आणि पुन्हा. आबांच्या डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं. उजव्यातून तर आजारपणापासून येतच असायचं, त्यामुळे काकूंनी पदराने दोन्ही पुसले आणि भाकरी करपेल म्हणून आत गेल्या.

चौथा भाग पुरा झाला. आता वाजवणार कोण? पुण्याचं दार तूर्त बंद होतं आणि आबा पुण्याला जाऊ शकत नव्हते. मी ठरवलं, शिरूरला करायचं, आबांच्या जुन्या शाळेत. मग जी माणसं मिळतील त्यांच्यासाठी सगळी मांडणी नव्याने लिहायला बसले. चेलो वाजवणारं कुणी नव्हतं, तो भाग युफोनियम या जाड, खोल आवाजाच्या पितळी वाद्याला दिला. सनईच्या जातीचा ओबो नव्हता, तिथे कवठे येमाईचे एक सनईवाले मिळाले. त्यांना नोटेशन येत नव्हतं, त्यांना मी गाऊन पाठ करून दिलं. व्हायोलिनला दौंडच्या चर्चमधल्या दोघी आल्या. पितळी वाद्यांना मामांचे जुने सोबती. लग्नसराईत बँडवाले मिळेनात, म्हणून सराव बिनमुहूर्ताच्या दिवसांत. सरावाची जागा आमच्या वस्तीतलं विहाराचं सभागृह. मी गल्लीतल्या पोरांच्या परीक्षा संपेपर्यंत पितळी वाद्यांच्या तोंडात फडकी कोंबून सराव घेतला आहे. एका वादकाची कामावरची पाळी बदलली, एकाचे पुढचे दात काढले, दर वेळी पुन्हा लिहिलं. मामा म्हणायचे, "सोडून दे आता, पुढच्या साली बघू." मी म्हणायची, "पुढच्या साली आबा असतील का, ते मला कुणी लिहून देणार आहे?"

कार्यक्रम दुपारी झाला. शाळेचं सभागृह बऱ्यापैकी भरलं. आबांचे जुने विद्यार्थी आले होते, निमोण्याहून दोन टेम्पो भरून माणसं आली होती. आबा चाकाच्या खुर्चीत, अगदी पुढे. हात हलवून वाद्यवृंद चालवायचं काम माझ्याकडेच होतं. पहिले दोन भाग नीट गेले. तिसरा भाग मुक्कामाचा, संथ. पण लोक समोर बसले की ढोलवाल्याच्या अंगात येतं. त्याने लय वाढवली. मी खुणावत होते, पण बाकीचेही त्याच्या मागे धावायला लागले.

माझ्या मागे थाप ऐकू आली. खुर्चीच्या हातावर. मग दुसरी. मी वळून पाहिलं. आबा माझ्याकडे रोखून बघत होते.

भरल्या सभागृहात वाद्यवृंद मध्येच थांबवायचा नसतो, हे मला बँडमास्तरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. लोकांना वाटतं काहीतरी बिघडलं. पण बिघडलं होतंच. मी हात वर केला. सगळे थांबले. मी लोकांना म्हटलं, "संगीतकारांना लय मान्य नाही. तिसरा भाग पहिल्यापासून घेतो." कुणी हसलं नाही. उलट लोक जरा सावरून बसले. बिरूगुरुजी वर्गात अशीच थाप मारायचे, असं नंतर एका विद्यार्थ्याने मला सांगितलं.

तिसरा भाग पुन्हा झाला, संथ. मग चौथा. मामांनी हाळी घातली तेव्हा टेम्पोतून आलेल्या म्हाताऱ्यांपैकी एक जण नकळत उठून उभा राहिला, आणि मग ओशाळून बसला. शेवटच्या सुरानंतर मी आबांकडे पाहिलं. खुर्चीच्या हातावरचा हात शांत होता.

मला वाटलं, काम संपलं. आठवडाभरात काकूंचा फोन. "बाई, तुला बोलवत्यात. मोबाईलमधी त्या दिवसाचं भरल्यालं वाजवत्यात आन् सारखी थाप मारत्यात."

गेले. आबांनी आपली रचना आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या वाद्यांवर ऐकली होती, आणि आता त्यांना दुरुस्त्या करायच्या होत्या. पहिल्या भागापासून. मला हसू आलं आणि रागही आला. एवढा आटापिटा करून उभं केलेलं, आणि हे पुन्हा उकलायला बसले. पण खरा संगीतकार हेच करणार. मी पेन्सिल काढली. मोबाईलवर एकेक तुकडा वाजवायचा, थाप पडली की थांबायचं, काय खटकलं ते शोधायचं. इथे सनई जास्त झाली, इथे युफोनियम आधी यावा. मला अमुक वाटायचं आणि त्यांना नेमकं उलटं हवं असायचं. पहिला भाग तपासून झाला. दुसरा झाला. तिसऱ्याच्या मध्यावर आलो होतो तेव्हा आबा गेले. सकाळी चहा घेतला आणि गेले.

यंदा पुण्याच्या त्याच संचालकांनी 'मेंढवाट' मागितली, मोठ्या वाद्यवृंदासाठी. मी सगळं पुन्हा लिहून दिलं. ते म्हणाले, "पुढचा दीड भागही तुम्ही त्याच धर्तीवर दुरुस्त करून टाका. आता तर तुम्हाला पाठ झालं असेल, ते काय म्हणाले असते ते."

पाठ झालं होतं. तिसऱ्या भागाच्या शेवटी बासरी त्यांना नको झाली असती, असं मी आजही पैजेवर सांगेन. पण याआधीही मला ज्या ज्या गोष्टी कळल्यात असं वाटलं, त्यातल्या निम्म्यांवर त्यांनी थाप मारली होती. मी नाही म्हटलं. मधल्या त्या जागी प्रत्येक वादकाच्या कागदावर एक उभी रेघ मारली आणि लिहिलं, 'इथवर संगीतकाराने तपासले.' पुढचं शिरूरला वाजलं तसंच ठेवलं, बासरीसकट.

कार्यक्रमाला काकू आल्या होत्या. माझ्या शेजारी बसून त्यांनी पाऊण तास मांडीवरचे हात हलवले नाहीत. संपल्यावर मी त्यांना रेघेची गोष्ट सांगितली.

"म्हंजी त्याच्या फुडचं तू बिनतपासलंच वाजवाया दिलंस?"

"व्हय, काकू."

"बरं केलंस. त्यांना थाप माराया कायतरी ऱ्हाऊ दिलंस."

मग त्यांनी पिशवी उचलली आणि शिरूरची गाडी चुकायला नको म्हणून आम्ही दोघी दाराकडे निघालो.